शब्द टाकल्यानंतर

आकडा उच्चारायचा आणि गप्प बसायचं.
विद्यापीठाच्या क्रीडा विभागात, बिनखिडकीच्या एका खोलीत
पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं मला:
वीस लाख डॉलर, एवढं म्हणून झालं
की जीभ दाताखाली.
जो आधी बोलेल तो हरेल.

म्हणून मी गप्प आहे.
साउथ डकोटा, फेब्रुवारी, पारा उणे एकोणीस.
अर्व्हिड टोलेफसन यांच्या स्वयंपाकघरात
फ्रिज आपल्याच पोटात बर्फाचे खडे पाडतो,
खिडकीबाहेर धान्याची तीन कोठारं,
तिन्हींवर त्यांचं आडनाव, फिकट होत चाललेलं,
आणि टेबलावर, कॉफीच्या दोन कपांमध्ये,
माझं गुळगुळीत माहितीपत्रक:
लॉकरवर नाव, पंचवीस हजार.
व्यायामशाळेच्या आरशांवर, ऐंशी.
खेळाडू मैदानात धावत येतात त्या बोगद्यावर, सहा लाख.
पश्चिमेचा मनोरा, वीस.
वीसनंतर लाख लिहीत नाहीत. समजून घ्यायचं असतं.

हात पसरणं वेगळं, शब्द टाकणं वेगळं,
असं मी आईला सांगते, फोनवर.
ती म्हणते, हो का.

मिनिट गेलं. दुसरं गेलं.
मग म्हातारा म्हणाला, "त्या फायलीत
माझ्याबद्दल काय लिहिलंय? वाच."

समोरच्यानं प्रश्नच विचारला तर काय,
हे त्या खोलीत कुणी शिकवलं नव्हतं.
मी वाचलं. क्षमता: पन्नास. जिव्हाळा: उच्च.
विधुर. फुटबॉल, एकोणीसशे बासष्ट ते पासष्ट, जर्सी चौतीस.
उजवा गुडघा, शस्त्रक्रिया मार्चमध्ये.
कुत्री: पेनी. (आठवणीनं विचारावं.)

"पेनी गेली. ऑक्टोबरात. लिहून घे."

लिहून घेतलं.

मग ते उठले, गुडघ्याला शिवी देत,
आणि खणातून चेकबुक नाही, मोजा काढला.
एकच. राखाडी लोकर, टाचेला रफू,
आणि वरच्या काठावर लाल दोऱ्यानं चौतीस.
"व्हेल्मा बिटनर. तळघरात कपडे धुवायची आमचे.
मी शेतावरून एकच जोड घेऊन आलो होतो.
पहिल्या शनिवारी तो धुवायला टाकला,
सोमवारी दोन परत आले.
मी विचारलं नाही. ती बोलली नाही.
तीन वर्षं हे असंच."

फ्रिजनं आणखी एक खडा पाडला.

"मनोरा कुणालाही विका.
धुलाईच्या खोलीवर तिचं नाव हवं."

मी यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा वर.
धुलाईची खोली यादीत नव्हती.
तिला दरच नाही.
म्हटलं, तिथं कुणी जात नाही, कॅमेरा तर नाहीच.
"ती जायची," ते म्हणाले,
आणि मोजा घडी करून परत खणात ठेवला,
जसं एखादं कागदपत्र ठेवतात.

परतीचे एकशे चाळीस मैल.
साहेब फोनवर: वीस पूर्ण? पूर्ण.
मग मनोऱ्यालाच का नाही, विचार ना पुन्हा,
त्या बाईचे कुणी नातेवाईक आहेत का,
आणि हे फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात बसवायचं?
मी म्हटलं, आवाज तुटतोय.
आवाज तुटत नव्हता.

चार वर्षं मी याच विद्यापीठासाठी हातोडा फेकलाय.
चार वर्षं दर सोमवारी माझी जर्सी
घडी होऊन जागेवर होती.
झाडावर येते तशी ती येते, असंच वाटायचं मला.

रात्री अकराला तळघरात उतरले.
दार करड्या रंगाचं, खालून सोललेलं,
वर फक्त एक आकडा: बी-शून्य-सात.
टेप नव्हती, वितीनं मोजलं. चार विती आणि थोडं.
मावेल.

आत कुणीतरी रेडिओ लावला होता.
यंत्राच्या काचेमागे
कुणाकुणाचे मोजे, एकमेकांत अडकलेले, फिरत होते.
दारावर टकटक करायला हात उचलला,
आणि लक्षात आलं
आत जे कोणी आहे
त्याचं नाव मला माहीत नाही.