अंगवळणी

लम्सडेनच्या अलीकडे, रस्ता नदीला टाळून वळतो तिथे
सहा वर्षं मी कापडं चढवतोय.
फलकाचं कापड. बारा मीटर बाय तीन.
गुंडाळलं की मेंढीएवढं जड,
वारा शिरला की बैलाएवढं.

पहिल्यापासून होती ती तडकलेली काच
आणि काचेतून बाहेर आलेला हात.
मनगटावर घड्याळ, घड्याळ चालू.
चित्रातलं घड्याळ चालू आहे हे कसं कळतं
मला सांगता येणार नाही,
पण कळायचं.
पहिल्या आठवड्यात दुधाच्या टँकरचे ड्रायव्हर
खानावळीत निम्मं खाणं टाकून उठले.
तिसऱ्या महिन्यात कुणीतरी त्या हाताचं बारसं केलं: बर्नी.
"बर्नीपाशी डावीकडे घे," असा पत्ता सांगू लागले.
ऊन रंग खातं, म्हणून तोच हात मी तीनदा बदलला,
रक्त दर वेळी ताजं,
आणि वळणावरचं रक्त
दर वेळी थोडं आणखी अंगवळणी.

मग इन्व्हरकार्गिलहून ब्रोना आली, आलेख घेऊन.
म्हणाली, भीती दाखवली की माणूस
आतून काच वर करतो.
आता आपण मायेनं सांगून बघू.
सभेत चहा होता, चीझचे स्कोन होते.
तामातीचे काका उठले,
तीस वर्षं बिनपगारी बंबावर,
पत्रे कापून माणसं बाहेर काढलेली.
म्हणाले, वळण लावायचं तर धाक हवा.
जरा थांबून म्हणाले, पण मी स्वतः
तो हात आला की
रेडिओचं बटण शोधायला लागतो.
कुणी हसलं नाही.

नवं कापड आलं एप्रिलमध्ये, पॉप्लर पिवळे झाल्यावर.
उघडं दार. दारात मुलगी, एकाच पायात मोजा.
मागे कुत्रा, त्याच्यामागे वाफाळतं पातेलं.
खाली तीन शब्द: सावकाश ये घरी.

आयलीन डॅलगार्नोचा रॉरी याच वळणावर गेला.
सतराचा होता. तीन वर्षं झाली.
बर्नी तेव्हा वर होताच.
तेव्हापासून ती मागच्या खडीच्या रस्त्यानं जाते,
चौदा किलोमीटर जास्त,
कधी पूर्ण कळपाच्या मागे ताटकळत.
मी निरोप पाठवला: हात काढला, आता इकडून ये.
ती आली. मी खाली दोर गुंडाळत होतो.
गाडीतून उतरली, बराच वेळ वर बघितलं.
म्हणाली, चांगलं केलंय.
मग म्हणाली,
"तो हात कुणाचा तरी होता.
हे दार माझंच आहे."
आणि गाडी फिरवून
खडीच्या रस्त्याला लागली.

एक गोष्ट मी ब्रोनाला कळवलेली नाही.
तिच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.
हात उतरवला आणि दार चढवायचं,
त्या मधले दोन दिवस वाऱ्यानं शिडी लावू दिली नाही.
फलक कोरा. नुसत्या फळ्या, गंजके खिळे,
एका कोपऱ्यात चिमणीचं अर्धवट घरटं.
आणि टँकर, शाळेची बस, पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या
वळणाच्या आधीच हळू होऊ लागल्या.
ड्रायव्हर मान वाकवून वर बघायचे:
इथे आता काय येणार?
तामातीनं चाळीसपर्यंत मोजल्या,
मग भूक लागली म्हणून डबा उघडला.

दोन दिवस काही योगायोग असू शकतो.
चिमणीमुळेही असेल.
मी काही आलेख काढणारा माणूस नाही.

पुढचं कापड ऑक्टोबरात येतंय, गुरुवारी.
जुनं मी सोमवारीच उतरवणार आहे,
वारा असो, नसो.
आयलीनला तेवढं सांगून ठेवलंय.