वहीतला आकडा

डालार्नात फेब्रुवारी. गॅरेजच्या काचेवर बर्फ,
आत एकच दिवा, इंजिनवर वाकलेला.
बापाच्या वहीत पुशरॉडची लांबी,
खाली दोन रेघा ओढलेल्या.

“तीच घे की,” रागवाल्ड म्हणाला,
हात खिशात तसेच.

गुन्वोरनं व्हॉल्व्हच्या टोकाला काळी शाई फासली,
क्रँक दोन फेरे फिरवला, सावकाश.
शाई पुसली गेली ती पार काठाशी.

हेड यंदा घासून आलंय.
त्यानं मोजलं तेव्हा ते जाड होतं.

पुन्हा शाई. मापाच्या दांडीचा आटा जरासा आत.
पुन्हा दोन फेरे.
कॉफी गार.

पाचव्या खेपेला पट्टा उमटला,
बारीक, ऐन मध्यावर.
रागवाल्डचे हात बाहेर आले.

तिनं जुना आकडा खोडला नाही.
शेजारी नवा लिहिला,
पाऊण मिलिमीटर आखूड,
आणि रेघ एकच ओढली.