कोंडा

पादऱ्याच्या गिरणीवाल्यानं विचारलं, काका, गाय पाळली का?
मी म्हटलं, नाही, सून आलीय.
तो हसला, मीही.
पाच किलो कोंडा स्कूटरवर घालून बडोद्याला परतलो.

चिसातो आली तेव्हा तिच्या बॅगेत
आईनं दिलेला मूठभर कोंडा होता,
खारवलेला, आंबलेला,
कस्टमवाल्यानं हुंगून नाक मुरडलेला.
विरजण असतं ना, तसं, ती म्हणाली;
हा शब्द तिला कुमुदनं दिला होता, जाण्याआधी.
रोज हात घालून ढवळायचं. चमच्यानं नाही.
मग त्यात काकडी, गाजर, इथली तोंडलीसुद्धा.
फ्रिजमध्ये छुंद्याच्या बरणीला खेटून तो डबा.
मला वास सोसायचा नाही. खोटं कशाला बोलू.

नात उमे. तिकडे एक फूल, इकडे उमेला मारलेली हाक.
गुजरातीत भांडते, मराठीत रुसते,
जपानी फोनपुरती, वाकून.
शनिवारी दुपारी चिसातो तिला अक्षरं गिरवायला बसवते.
'नु' आणि 'मे' दिसायला सारखे,
फरक शेपटीच्या एका वेढ्याचा,
आपल्या घ आणि ध सारखा.
पेपराआडून बघता बघता मीही शिकलो.

आमचं तरी काय वेगळं?
खापरपणजोबा साताऱ्याहून आले, तबेल्याचे हिशेब लिहायला.
सोबत आणलेली बोली आम्ही ढवळत राहिलो.
एकदा तिकडे लग्नात वाढताना मी ओगराळं मागितलं,
पोरं फिदीफिदी हसली.
एक म्हातारा मात्र घास हातात धरून थांबला,
म्हणाला, आजी म्हणायची आमची.

मेमध्ये चिसातोची आई गेली.
ती तेवीस दिवस तिकडे. डबा माझ्याकडे.
सकाळ-संध्याकाळ मनगटापर्यंत हात,
खालचं वर, वरचं खाली.
बाहेर त्रेचाळीस अंश. एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत.
डब्याला ओला पंचा गुंडाळून बसलो,
मुलाच्या गोवरात बसलो होतो तसा.
हाताचा वास साबणानं जाईना.
मग मी साबण लावायचाच सोडला.

आली. बॅग दारातच.
काकडी काढली, कापली, चावली.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, आईची बरणी भावानं फेकली
घर रिकामं करताना. त्याला काय माहीत.
आणि ही, बाबा, आईसारखी नाही लागत.
थोडी तंबाखू लागते.
मी हात पाठीमागे घेतले.
तिनं दुसरी फोड उचलली.

काल भावाला पार्सल केलं. मूठभर.
पाकिटावर उमेनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, नुका.
शेपूट विसरली, 'मेका' झालं.
चिसातोनं पाहिलं. मी पाहिलं.
डिंक लावून झाला होता.