राखीपर्यंत

आखाजीला लेकी माहेरी येतात
आणि दुसऱ्या दिवसापासून
उपकेंद्राच्या ओट्यावर चपला वाढतात.
पुरुष पारावर पत्त्यांत बुडालेले,
कुठं चालली, कुणी विचारत नाही.

मी ट्रे पुढे सरकवते.
तांबी, माला, निरोध, छाया, अंतरा.
बावीस वर्षं कासारणीसारखी बसतेय मी,
फक्त हात दाबून माप घेत नाही,
विचारते.
धाकटं केवढं? अंगावर पितं का?
अर्धं डोकं दुखतं? पाळी कशी?
आणि शेवटी, पेन खाली ठेवून,
गोळ्या ठेवशील कुठं?

या प्रश्नाला त्या खरं बोलतात.

वैजंता, पारोळ्याकडे दिलेली, दोन मुली.
छाया म्हटल्यावर तिला हसूच फुटलं,
"मन्ही नणंदनं नाव शे ते!
घरमा एक पुरे."
मग हसू ओसरलं.
पेटीची किल्ली सासूकडं. डबेही सासूच लावते.
तांबी नको, जावेचं फार गेलं होतं.
सगळ्यांचं तसं जात नाही, मी म्हटलं.
माहीत शे ताई, पण माले नको.

नको म्हटल्यावर पुढचं वाक्य मी गिळते.
पूर्वी गिळत नव्हते.
मार्चअखेर आकडे भरायचे असत तेव्हा.
त्या आकड्यातली एक जण अजून
अमळनेरच्या बाजारात दिसली की
पदर पुढे ओढून वळते.

राहिली सुई.
पाळी मागंपुढं होईल, बंदही पडेल, घाबरायचं नाही.
सोडलीस तर दिवस राहायला वेळ लागतो.
"लागू द्या."

तीन महिन्यांनी पुन्हा.
दोघी बोटांवर मोजतो,
जेठ, आखाड, श्रावण. नेमकी कानबाई.
"कानबाईले कशी येऊ? रोट सासरना."
राखीला?
राखीला भाऊ न्यायला येतोच.
यंदा अधिक महिना नाही, बरं झालं.
कॅलेंडर उलटते. आठ-नऊ दिवस उशीर.
तेवढा चालतो.

कार्ड ती घेत नाही.
"घरमा कोणले समजाले नको."
माझ्या खणात अशी चौदा कार्डं,
हिचं पंधरावं.

दंड चोळू नको गं, मी खिडकीतून ओरडते,
पण ती निंबाखाली पोचलेली,
झोक्यावर उभी,
दोन्ही हातांनी दोर धरून.