नुसता ठेव

पेठकडची मंजुळा भोये
थंडी सुरू झाली की दिंडोरीला येते, द्राक्षांच्या पॅकिंगला.
पाचशे ग्रॅमची डबी ती काट्याकडे न बघता भरते,
वर दहा ग्रॅम, वाटेत सुकतील म्हणून.
घड धरायचा तो देठाला.
मण्यावरची धुकट लव बोटानं पुसली गेली
की माल परत.
हे तिनंच मला सांगितलं, पण पुष्कळ नंतर.

आली तेव्हा ती बोलतच नव्हती.
अठ्ठाविसावा आठवडा. क्रेट उचलताना पाणी गेलं,
मग जीप, मग नाशिक, मग आमचा काटा:
नऊशे चाळीस.
तिनं आकडा ऐकला आणि मान खाली घातली.
दोन डब्याही भरत नव्हत्या.

मनगटावर पट्टी, मंजुळाचे बाळ.
पट्टी सर्वांत लहान मापाची, तरी दोनदा गुंडाळली.
नाकात नळी, पायाला लाल दिव्याचा चिमटा,
आणि श्वास घ्यायचं विसरू नये म्हणून
कॉफीतलं औषध, थेंबानं मोजून.
तरी विसरतो.
मग मी तळपायावर टिचकी मारते,
अरे, चालू ठेव बाबा, लक्ष कुठंय?
आणि तो रागावून चालू ठेवतो.

तिसऱ्या दिवशी आठशे सत्तर.
"माझं दूध लागत नाही त्याला," मंजुळा म्हणाली.
दूध होतंच किती, सिरिंजच्या टोकाला दोन मिली, पिवळं.
मी म्हटलं, सगळेच आधी उतरतात गं.
तिला पटलं नाही. मलाही कधी कधी पटत नाही.

हात कोपरापर्यंत धुऊन ती पेटीशी उभी राहायची
आणि हात पदरात लपवायची.
चौथ्या रात्री मी पेटीची गोल खिडकी उघडली.
ती कुजबुजली,
"सिस्टर, धरू कुठं? याला देठ नाही."

धरू नकोस, म्हटलं.
एक हात डोक्याशी, एक पायांशी, नुसता ठेव.
फिरवू नको. इतक्या लवकर आलेल्याला
कुरवाळणंसुद्धा खरखरीत लागतं.
तिचा हात थरथरत गेला आणि थांबला.
मॉनिटरवर ब्याऐंशी, शहाऐंशी, एक्क्याण्णव.
आकड्याचं मी तिला काही सांगितलं नाही.
ती आकड्याकडे बघत नव्हती.

बाहेर लहानू, तिचा नवरा,
जिन्याखाली पोत्यावर झोपायचा.
त्याला आत बोलावून सदरा काढायला लावला
तर भिंतीकडे तोंड करून बटणं सोडत होता.
गळ्यापर्यंत उन्हानं काळा, खाली पोरासारखा कोवळा.
छातीवर बाळ ठेवलं, वरून दुपटं.
दोन तास हलला नाही.
नाकावर माशी बसली, तरी.

त्याच आठवड्यात चार नंबर गेला.
पहाटे साडेतीनला, कॉफी, टिचकी, सगळं करून.
मी त्याला पुसलं, टोपी घातली.
एवढ्या लहान टोप्या एक निवृत्त शिक्षिका विणून पाठवतात,
ही मोरपंखी होती.
सातपूरची त्याची आई, रेहाना, रडत नव्हती,
चप्पल शोधत होती, पायात असलेली.
माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं.
पाठीवर हात ठेवला.
फिरवला नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी वजनाच्या वेळी
मंजुळा म्हणाली, "थांबा सिस्टर."
बाळ दोन्ही तळव्यांवर घेतलं, डोळे मिटले.
"तेराशे साठ."
काटा म्हणाला तेराशे पंचावन्न.
"पाच जास्तीचे," ती म्हणाली, "वाटेत सुकतील म्हणून,"
आणि हसली. पहिल्यांदाच.
तक्त्यात मी काट्याचा आकडा लिहिला. लिहावाच लागतो.

सकाळी आठला ड्यूटी सुटते.
शरणपूरकडे वळताना द्राक्षांची गाडी असते,
तो घड धडाधड पारड्यात टाकतो.
मी म्हणते, हळू रे.
"ताई, द्राक्षंच आहेत," तो म्हणतो.
हो, म्हणते मी.
देठाला धर.