भांगाच्या दिवसांत

बेट एवढंसं आहे, नौपाड्यातले ताम्हाणे म्हणाले,
आणि पेपरवेट उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला.
हे एवढं. चाळीस मिनिटांत चालून संपतं.
सुधन्वानं लगेच विचारलं,
मग उरलेले पाच दिवस काय करायचं?
ताम्हाण्यांनी चष्मा काढला.
तीस वर्षं ते लोकांना बेटांवर धाडतायत,
स्वतः कळव्याच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत.
काही नाही, म्हणाले. त्याचेच तर पैसे.

तेव्हापासून ऐरोलीत, सेक्टर आठच्या तिसऱ्या मजल्यावर
आमच्या जेवणाच्या टेबलावर एक वही असते.
रोज रात्री ओटा पुसून झाला की
आम्ही काहीही न करण्याचं नियोजन करतो.
सहा ते सात सूर्योदय, असं त्यानं लिहिलं.
मी खोडलं.
सात ते आठ अनवाणी चालणे.
अनवाणी ठेवलं, चालणे खोडलं.
त्याचं रक्तदाबाचं यंत्र, माझी गुडघ्याची पट्टी,
ठेपले नकोत, बरं, चार,
भाजणी कशाला, तिथे शेगडी कोण देणार,
आणि छत्री.
छत्रीवरून दोन दिवस अबोला.

रबाळ्याच्या कंपनीत त्याची एकशे सहा दिवसांची रजा साचलीय.
मुदतठेवीबद्दल बोलावं तसं आम्ही तिच्याबद्दल बोलतो,
मोडायची नाही, मोडायची नाही.

एका रविवारी म्हटलं, सराव तरी करू.
खाडीच्या बाजूला कांदळवनाशेजारी एक बाक आहे, तिथे बसलो.
ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी एका पायावर,
कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं.
अकराव्या मिनिटाला सुधन्वा म्हणाला,
गिझर बंद केला होतास ना?
केला होता.
तेराव्या मिनिटाला मीच उठले,
इडलीचं पीठ बाहेर राहिलं होतं.
पक्षी तसेच. एकानं तेवढा पाय बदलला.

बुधवारी बाजारात हरूबाईला सांगितलं.
दिवा कोळीवाड्याची. माझ्या लग्नापासून मांदेली तिचीच.
पैसे भरून समुद्र बघायला चाललोय म्हटल्यावर
वाटलं होतं, हसेल. हसली नाही.
कोयत्यावर बोंबील तसाच धरून तिनं विचारलं,
कंच्या तिथीला?

तारीख सांगितली. तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं.
पुनव येते गं बाय.
(ती ताम्हाण्यांनी मुद्दाम निवडलेली,
चांदण्याचे थोडे वेगळे लावून.)
पुनवंला उधान. दर्या तवा कामावर आसतो.
निजायलाच जातं तर भांगान् जा,
आठमी-नवमीला. तवा त्यो पन पडून रायतो.

बावीस वर्षं या खाडीच्या काठी राहून
मला माहीत नव्हतं
की पाण्यालाही रजा असते, महिन्यातून दोनदा,
अर्ज न करता,
आणि ते ती घेतं.

तारीख बदलायला दीड हजार लागले.
ताम्हाणे कुरकुरले, चांदणं अर्धंच मिळेल हो.
पुरे, सुधन्वा म्हणाला.
मी त्याच्याकडे वळून बघितलं.
ह्या माणसाला आजवर
कशाचंच अर्धं पुरलेलं नाही.

आता वहीत फारसं उरलेलं नाही.
दोन पानं खोडाखोड, मधे कुठेतरी
'अनवाणी', एकटंच.
आणि शेवटी हरूबाईचं, पिशवीत मासे टाकताना सांगितलेलं,
येताना तिथलं मीठ आन, चिमूटभर.
सासरा माजा मिठागरावर व्हता.
जिभंवर ठेवूनशान सांगन,
खरा दर्या बगितला का नुसता फोटू.

लिहून घेतलंय.
छत्रीचं अजून ठरत नाहीये.