एकच भाव

एकतीस वर्षं सुईत दोरा ओवतेय,
अरण्येश्वरच्या उतारावर, कपाटाएवढ्या दुकानात.
ओवताना डोळे बारीक होतात, भुवया जवळ येतात,
आणि कधीतरी त्या तिथंच राहायला लागल्या.
दोन उभ्या रेघा. डावी जरा आखूड.
गिऱ्हाईक विचारतं, शशीताई, चिडलात का?
नाही हो, काजं करतेय.

शेवटी भाव काढायला निघाले.

बाणेरला काचेचं दार, पाण्यात काकडीची चकती.
मुलीनं टॅबवर बोट फिरवलं:
एरियाचे नऊ हजार, मॅम.
एरिया म्हणजे किती?
फ्रंट पोर्शन, म्हणाली.
टोचणार कोण? डॉक्टरच.
नाव? ते बदलते असतात.
काकडी तेवढी खाल्ली.

धनकवडीत पार्लरच्या जिन्यावर फ्लेक्स,
अख्खं कपाळ चार हजार नऊशे नव्याण्णव, आयब्रो फुकट.
बाटली दाखवा, म्हटलं.
फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा, मेंदीचे कोन,
त्यांच्या मागे अर्धी बाटली, लेबलला घाम आलेला.
कधी फोडली?
कालच, बहुतेक.
त्या बहुतेकवरून मी जिना उतरले.

कापडाचा भाव मीटरवर असतो, खरं आहे,
पण पन्हा न विचारता मीटर घेणाऱ्याची
बाही आखूड होते.
हे औषध युनिटवर विकतात.
युनिट स्वस्त असेल तर विचारावं, किती पाण्यात कालवलंय,
आणि एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाला लावू नये,
गज आणि मीटर एकच समजून कुणी परकर बेतत नाही.
यातलं निम्मं मला माझ्या कात्रीनं शिकवलं.
निम्मं डॉक्टर अंतुरकरांनी,
बाजीराव रोडला, दुसरा मजला, लिफ्ट बंद.

आठ्या घाला, त्या म्हणाल्या.
घातल्या. एवढं एकच काम मला न मागता येतं.
त्यांनी पांढरी पेन्सिल काढली, कपाळावर पाच ठिपके दिले,
मागे सरून बघितलं, एक पुसला, जरा वर दिला.
मी श्वास धरून बसले.
माझ्या दुकानात बायका बसतात, तशी.

वीस लागतील, साडेतीनशेनं सात हजार.
पण आधी सोळाच देते. पंधरा दिवसांनी दाखवा,
कमी वाटलं तर वाढवू.
जास्त झालं तर मला उसवता येत नाही.

उसवता, म्हणाल्या. माझ्यासमोर.
मी पर्सची चेन उघडली.

त्यांनी गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं,
बाटली माझ्यादेखत फोडली,
तिचा नंबर कार्डावर लिहून दिला.
तीन-चार महिने, म्हणाल्या. मग परत ओवायचं.
रिक्षात हिशोब केला: पुढं सात-सात हजार धरले
तर वर्षाचे एकवीस, म्हणजे अस्तराचे तीस ब्लाउज.
घरी सांगितलं, दाढ भरली.

दहाव्या दिवशी सुई हातात घेतली.
डोळे बारीक झाले,
कपाळ काही मदतीला आलं नाही.
दोरा तरी गेला.

दुपारी बावडेकरबाई आल्या, सहा ब्लाउज घेऊन.
एकदम देतेय, पाचशेनं करा ना.
एरवी अशा वेळी मी बोलत नाही,
नुसती बघते, आणि बाई सातशेनं मोजतात.
आजही बघितलं. सगळा जोर लावून बघितलं.
बाई प्रसन्न झाल्या.
किती शांत दिसताय हो हल्ली! म्हणजे पाचशे नक्की?

माझ्या डोक्यावर पाटी होती, एकच भाव.
ती त्यांनी वाचली नाही.
सातशे, मी म्हणाले.
आणि मग, त्यांना कळावं म्हणून,
चिडलेय मी.